किर्लोस ते किर्लोस्करवाडी

अकोल्याहून वाशीममार्गे पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वाशीम येण्याच्या थोडे आधी, जऊळका नावाचे स्थानक लागते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील हे गाव. वऱ्हाडात जऊळका नावाची गावे एकाहून अधिक आहेत. त्यामुळे पत्रे आणि कागदपत्रे भलतीकडे जाऊ नयेत, म्हणून या गावाचे नाव 'जऊळका रेल्वे' असे लिहिले जाते. पूर्वी येथील रूळ मीटर मापाचे होते. ते २००८ साली रुंद झाले. रूळ बदलले, गाड्या बदलल्या, पण गावाच्या नावाला जडलेला 'रेल्वे' हा शब्द काही सुटला नाही. माणसाच्या नावापुढे जसे आडनाव यावे, तसाच तो तेथे बसला आहे.

गावालाही आडनाव असते, हे ऐकून कोणास नवल वाटेल. परंतु याच जिल्ह्यात अशी गावे पुष्कळ आहेत. नाशिक जिल्ह्यातील मोठे मालेगाव निराळे आणि येथील मालेगाव जहागीर निराळे. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे, तर वाशीम जिल्ह्यात कारंजा लाड. धुळे जिल्ह्यात एक शिरपूर आहे; अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले येथील शिरपूर मात्र शिरपूर जैन या नावाने ओळखले जाते. मंगरूळ नावाच्या गावांची तर एक मालिकाच आहे. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आणि मंगरूळ चव्हाळा ही दोन गावे आहेत. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळास तेथील पिरामुळे मंगरूळपीर म्हणतात. एकाच नावाची दोन मुले एका वर्गात आली म्हणजे गुरुजी जी युक्ती करतात, तीच युक्ती लोकांनी गावांच्या बाबतीत केली.

गावांना आडनावे माणसांनी दिली, आणि माणसांना आडनावे गावांनी दिली. मराठी मुलुखात 'कर' हा प्रत्यय लावून होणारी आडनावे अगणित आहेत. वाशीमचा तो वाशीमकर, अकोटचा तो अकोटकर, पंढरपूरचा तो पंढरपूरकर. या रीतीने जऊळक्याचा मनुष्य जऊळकर ठरतो. मात्र यात एक गंमत आहे. जऊळक्यात राहणाऱ्या मनुष्यास जऊळकर म्हणण्याचे कोणालाच कारण पडत नाही. तेथे सगळेच जऊळक्याचे! तो घरदार सोडून दूर गावी जाऊन राहिला, म्हणजे तेथील लोक विचारतात, "हा कोण? कोठला?" उत्तर मिळते, "जऊळक्याचा." दोन पिढ्यांनंतर नातवंडांनी ते गाव पाहिलेले नसते, तेथे त्यांची जमीन उरलेली नसते, परंतु शाळेच्या दाखल्यावर त्या गावाचे नाव असते. अशा रीतीने 'कर'ने संपणारे बहुतेक आडनाव ही कधी काळी झालेल्या एका स्थलांतराची नोंद होय. ते स्थलांतर दुष्काळामुळे झाले, नोकरीमुळे झाले की भाऊबंदकीमुळे, हे आडनाव सांगत नाही. निघाले कोठून, एवढेच ते सांगते.

कधी कधी ही वाट उलटही फिरते. गावाने मनुष्यास नाव द्यावे आणि मनुष्याने पराक्रम करून ते नाव दुसऱ्या गावास द्यावे, असे घडते. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पूर्वजांचे गाव. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतात महू येथे झाला. आज ते शहर डॉ. आंबेडकर नगर या नावाने ओळखले जाते. उत्तर प्रदेशात १९९५ साली एक नवा जिल्हा झाला, त्याचेही नाव आंबेडकर नगर असेच आहे. कोकणातील एका आडबाजूच्या खेड्याशी जोडलेले नाव उत्तर हिंदुस्थानातील एका जिल्ह्याच्या कचेरीवर जाऊन पोहोचले!

आडनाव वस्तूंनाही मिळते, आणि ज्या गोष्टी हातात धरता येत नाहीत त्यांनाही मिळते. देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. अंकांशी खेळणे हा त्यांचा आवडता उद्योग. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. त्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी, आणि उत्तराबाबत पुन्हा तेच करावे. उदाहरणार्थ, ३५२४ ही संख्या घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा जाऊन ३०८७ उरतात. मग ८७३० मधून ०३७८ वजा जाऊन ८३५२ उरतात. आणि ८५३२ मधून २३५८ वजा जाऊन ६१७४ उरतात. येथे ही वजाबाकी अडते, कारण ६१७४ पासून पुन्हा ६१७४ च मिळतात. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी फार तर सात वजाबाक्यांत हाच मुक्काम येतो. जगभरचे गणिती या संख्येस 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. विद्यापीठाची मोठी पदवी नसलेल्या एका शाळामास्तराचे आडनाव ६१७४ या संख्येस कायमचे चिकटले.

परंतु मनुष्य, गाव आणि वस्तू या तिन्ही ठिकाणी एकच आडनाव ठसठशीतपणे उमटल्याचे उदाहरण पाहावयाचे असेल, तर ते किर्लोस्कर या नावात पाहावे. विहिरीवरचा पाण्याचा पंप आणि तो चालविणारे तेलाचे इंजिन यांच्यावर कोरलेले हे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वाचले आहे. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यासही ते आकारावरून ओळखता येई. किंबहुना अनेकांना किर्लोस्कर हे माणसाचे आडनाव आहे, हे ठाऊकच नसे; ते यंत्राचेच नाव, अशी त्यांची समजूत असे.

किर्लोस हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील एक गाव. तेथून निघालेले एक घराणे घाट चढून बेळगावकडे, गुर्लहोसूर येथे जाऊन वसले. तो कानडी मुलूख. कोकणातील किर्लोस तेथे कोणास ठाऊक असणार? तरीही नाव राहिले. किंबहुना परमुलखात राहिल्यामुळेच ते राहिले.

याच गुर्लहोसूर येथे १८४३ साली बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म झाला. अण्णासाहेबांना नाटकाचे व पद्यरचनेचे वेड होते. त्यांच्या आधीच्या मराठी खेळांत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. पात्रे थोडेबहुत बोलत आणि गाणे पाठीमागून होई. अण्णासाहेबांनी कालिदासाचे शाकुंतल मराठीत आणले आणि पदे ज्याची त्याच्या तोंडी घातली. शकुंतलेचे दुःख शकुंतलेनेच गावे, ही आज अगदी साधी वाटणारी गोष्ट तेव्हा नवीन होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. १८८२ साली 'संगीत सौभद्र' आले. १८८५ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेबांचे निधन झाले.

त्यांनी स्थापन केलेली किर्लोस्कर नाटक मंडळी मात्र त्यांच्यामागे कित्येक वर्षे चालू राहिली. भाऊराव कोल्हटकरांनी तिचे नाव गाजविले. गोविंद बल्लाळ देवलांची 'शारदा' तिनेच रंगभूमीवर आणली. १९०५ साली बालगंधर्व तिच्यात आले आणि १९१३ साली बाहेर पडले. पुढे दीनानाथ हेही काही काळ या मंडळीत होते. गोव्यातील मंगेशी या आपल्या गावावरून मंगेशकर हे आडनाव घेऊन त्यांनी ते घरोघरी पोहोचविले. या गुणी मंडळींपैकी एकाचेही आडनाव किर्लोस्कर नव्हते. तथापि गावोगावच्या प्रेक्षकांच्या लेखी ते सारे 'किर्लोस्करांचे' नट होते. आडनाव रक्ताच्या नात्यातून कामाच्या नात्यात कसे शिरते, ते येथे प्रथम दिसते.

अण्णासाहेबांचा नाट्यसंसार उभा राहण्यापूर्वी, १८६९ साली, याच गुर्लहोसुरात लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे एक अडचण निघाली. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसे. चित्रकाराच्या मार्गातील याहून मोठा अडथळा कोणता? तेव्हा रंग सोडून त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांचा अभ्यास केला, कारण त्यास काळी शाई पुरे होती. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिक्षक झाले. तेथे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले.

बेळगावात १८८८ पासून रामूअण्णा या थोरल्या बंधूंबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होते. 'किर्लोस्कर बंधू' हे त्याचे नाव. सायकल विकावी, ती कशी चालवावी हे शिकवावे आणि बिघडली तर दुरुस्त करावी, असा तो व्यवसाय. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही शेतीची अवजारे ते तयार करू लागले.

आज लोखंडी नांगर पाहून कोणी थांबत नाही. त्या वेळी मात्र शेतकरी त्याच्यापुढे थांबत आणि मान हलवून निघून जात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज सर्वत्र होता. लाकडी नांगर सुताराकडून घरचे धान्य देऊन करून घेता येई; त्याला रोख पैसा लागत नसे. म्हणून केवळ अज्ञानास दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याची सारी वर्षाची भाकरी एका शेतावर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजारावर एकदम विश्वास का ठेवावा? पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे कारखान्यात नांगर पडून होते आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यावरचे नावही पडून होते. आपले आडनाव वस्तूवर घालणे सोपे असते. ती वस्तू शेतात मोडली म्हणजे शेतकरी लोहाराला नव्हे, त्या आडनावाला दोष देतो. लक्ष्मणरावांनी ते नाव काढले नाही. शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकून घेऊन ते नांगरात सुधारणा करीत राहिले.

धंद्यास बरे दिवस येऊ लागले, तोच दुसरे संकट उभे राहिले. शहराची नवी वस्ती वाढवावयाची असल्यामुळे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे, भट्टी, कामगार, त्यांची बायकामुले, एवढा पसारा घेऊन जावे कोठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीस आले. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने, पूर्वी चित्रकार होऊ पाहणाऱ्या या कारखानदारास आपल्या संस्थानात जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

ती जागा कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ होती. बत्तीस एकरांचा तो माळ निवडुंगाने भरला होता आणि त्या निवडुंगात नागसापांची वस्ती होती. पाण्याची वानवा होती. १९१० साली लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह तेथे आले. प्रथम तंबू व झोपड्या पडल्या, मग कारखान्याचे छप्पर उभे राहिले, मग कामगारांची घरे. विहीर, शाळा व टपाल यांची सोय एकामागून एक झाली. तुरुंगवास भोगून आलेल्या आणि म्हणून कोणी काम देत नसलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून ठेवले. वस्तीची राखण त्यांनी चोख केली.

या नव्या वस्तीस लोक किर्लोस्करवाडी म्हणू लागले. पुढे रेल्वे स्थानकाचे कुंडल रोड हे नाव जाऊन तेथेही किर्लोस्करवाडी ही पाटी लागली. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात हे गाव आहे. ज्या बेळगावातून त्यांना निघावे लागले, त्या शहरातील एका रस्त्यास आज किर्लोस्कर रोड म्हणतात, हेही येथे सांगितले पाहिजे. एकेकाळी त्यांचे सायकलींचे दुकान तेथेच होते.

नांगरामागून उसाचे चरक आले, पाणी उपसण्याचे पंप आले. आणि या लोखंडाच्या गावातून एक अगदी निराळी वस्तूही बाहेर पडू लागली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे व्यंगचित्रकार होते. त्यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र काढले. आरंभी ते कारखान्याची व मालाची माहिती देणारे होते. पुढे तेच 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि विज्ञान, समाजसुधारणा, उद्योग व कथा यांनी भरून मराठी घराघरांत जाऊ लागले. १९३० साली त्याला 'स्त्री' या मासिकाची आणि १९३४ साली 'मनोहर'ची जोड मिळाली. निवडुंगाच्या माळावर छापलेला अंक वऱ्हाडात, खानदेशात, इंदूर-ग्वाल्हेरला वाचला जाई. ज्या घरी नांगराची गरज नव्हती, तेथे किर्लोस्कर हे नाव मासिकाच्या रूपाने पोहोचले. नाटक, नांगर आणि मासिक या तिन्हींवर एकच आडनाव! मराठी भाषेत असे दुसरे उदाहरण सहसा सापडावयाचे नाही.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परतले. १९४६ साली पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला, आणि त्याच वर्षी बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा. लक्ष्मणराव १९५६ साली वारले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. तोपर्यंत हे आडनाव म्हणजे केवळ एका कुटुंबाची खूण उरली नव्हती. ते व्यापारचिन्ह झाले होते.

येथे एक बिकट प्रश्न उभा राहतो. आडनाव हे ज्याचे त्याचे असते. ते जन्माबरोबर मिळते आणि कोणी काढून घेऊ शकत नाही. मग त्या आडनावाच्या कोणीही मनुष्याने आपल्या मालावर ते नाव घालावे काय? कायदा सांगतो की प्रामाणिकपणे आपले नाव वापरण्यास कोणास मनाई नाही. परंतु दुसऱ्याने कष्टाने मिळविलेल्या लौकिकाचा भास करून गिऱ्हाइकास फसविता येणार नाही. बाजारातील शेतकरी पंप घेताना मालकाची वंशावळ पाहत नाही. मागच्या पंपाने दहा उन्हाळे पाणी दिले, एवढेच त्याला ठाऊक असते, आणि त्या आठवणीवर तो पैसे मोजतो. ती आठवण ओतशाळेत साचे घालणाऱ्या, भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या, नटबोल्ट आवळणाऱ्या हजारो हातांनी मिळून तयार केलेली असते. त्या हातांची आडनावे पाटील, मोहिते, कांबळे, शेख अशी नाना प्रकारची. मालावर मात्र एकच.

किर्लोस्करवाडीत जन्मलेला एखादा मुलगा उद्या दूर देशी गेला आणि तेथे कोणी त्यास गावावरून ओळखू लागले, तर त्यास किर्लोस्करवाडीकर म्हणावे लागेल. एकाच नावात 'कर' दोनदा यावयाचा! मालवण तालुक्यातील किर्लोस मात्र आपल्या जागी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र त्याच गावी असून आसपासचे शेतकरी तेथे नवी अवजारे पाहावयास आणि बी-बियाण्याची माहिती घ्यावयास येतात. गावात राहणाऱ्यांपैकी कोणासही किर्लोस्कर म्हणून हाक मारण्याचे कारण अजून पडत नाही.